अर्ध्या मिशीचं खातं

उत्तमराव अठ्ठावन्न वर्षांचे झाले, पाच एकर हळद करायला लागले, सोसायटीच्या निवडणुकीत दोनदा पडले, पण त्यांच्या नावावर बँकेत खातं नव्हतं. आजच्या काळात हे कोणाला सांगितलं तर तो आपल्यालाच खुळा समजेल. गावातल्या म्हशींच्या कानात बिल्ले आले, शेळ्यांचे फोटो विम्याच्या फायलीत जाऊन बसले, आणि हा झुबकेदार मिशीचा गडी आपला बिनखात्याचा. हळदीचे पैसे यायचे ते पार्वतीबाईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या खात्यात. त्यामुळे घरात रोज सकाळी एक संवाद ठरलेला होता.

"शंभर रुपये दे."

"काहून?"

"लागतात."

"कशाला लागतात?"

"अगं, मानसाला लागतात!"

"मानसाला लागतात त्ये समजलं. तुमाला कशाला लागतात?"

असा माणूस मिशीला कितीही पीळ देवो, तो पीळ घरात चालत नाही. गावात मात्र त्या मिशीला मान होता. दोन्ही टोकं गालांच्या बाहेर गेलेली, आणि पाठीमागून बघितलं तरी उत्तमराव ओळखू यायचे.

आता खातं का नव्हतं, तर त्याला कारण कोंडीबा. कोंडीबा हा उत्तमरावांचा चुलतभाऊ. दोघांच्या घरांत एकच भिंत. तो आखाडा बाळापूरला बँकेत शिपाई होता. अठरा वर्षांपूर्वी उत्तमराव इस्त्रीचा सदरा घालून, दोन फोटो खिशात टाकून खातं उघडायला बँकेत गेले. दारात स्टुलावर कोंडीबा. उत्तमराव आपल्याच घरात शिरावं तसे आत निघाले, तर कोंडीबानं हात आडवा केला.

"जेवनाची सुट्टी हाय. भायेर नंबरानं बसा."

"आरं, मी हाय."

"दिसून राहिलं. नंबरानं बसा."

"कोंड्या, भाऊ हाय मी तुहा!"

"ब्यांकेत भाऊबंदकी न्हाई," कोंडीबा म्हणाला. आणि लायनीतली चार टाळकी हसली.

झालं. लायनीतले चौघं हसले ते तेवढ्यापुरतं. घरी जाऊन विसरलेही असतील. पण उत्तमरावांच्या कानात ते हसू अठरा वर्षं वाजत राहिलं. कोंड्या ज्या दारात बसतो त्या दारात पाय ठेवणार नाही, असं त्यांनी तिथंच जाहीर केलं, आणि पाळलं. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, अशी ही जात. बोलणं बंद, देणंघेणं बंद. बायका मात्र भिंतीवरून विरजण, कढीपत्ता आणि दोन्ही घरांच्या बातम्या देत-घेत राहिल्या, कारण बायकांना कामं असतात.

दुसऱ्या बँकेत जावं तर तेही नाही. खातं त्याच बँकेत पाहिजे होतं. दुसरीकडे उघडलं तर कोंडीबा हरला कसा?

अशात एक दिवस बाळापूरच्या बसस्टँडसमोर मोबाईल दुरुस्त करणाऱ्या महेबूबनं त्यांना एक खबर दिली. महेबूब चाळिशीचा, तोंडाचा गोड, आणि गावोगावच्या लोकांचे सगळे पासवर्ड तोंडपाठ असलेला माणूस.

"काका, आता ब्यांकेत जायाची तकलीफच न्हाई. फोनवर खातं निघते. घरी बसून."

"आन् दारात शिपाई?"

"दारच न्हाई, तर शिपाई कुठून येईन?"

उत्तमरावांना स्वर्ग दोन बोटं उरला. त्याच बँकेत खातं, आणि कोंडीबाच्या स्टुलाला वळसा! मग कार्ड येईल. ते कार्ड सदऱ्याच्या खिशात अर्धं बाहेर राहील असं ठेवायचं आणि बँकेसमोरच्या हॉटेलात, कोंडीबाला बराबर दिसेल अशा बाकड्यावर बसून चहा प्यायचा. बस्स, एवढंच त्यांना जन्मात पाहिजे होतं.

अर्ज भरायला दीड तास लागला, त्यातला एक तास मिशीत गेला. फोनवर एक लांबट गोल यायचा आणि 'चेहरा चौकटीत आणा' असं लिहून यायचं. चेहरा यायचा, पण मिशीची टोकं बाहेर राहायची. शेवटी महेबूब फोन घेऊन दुकानाच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला, मध्ये एक उसाचा ट्रॅक्टर जाऊ दिला, आणि तिथून फोटो घेतला. आधारवरच्या फोटोशी चेहरा जुळला. मशीननं हिरवी खूण दिली.

"आता फकस्त व्हिडिओ पडताळनी," महेबूब म्हणाला. "ब्यांकेची बाई फोनवर दिसते, दोन-चार सवाल पुसते. पंधरा दिवसांत करायचं. आन् एकट्यानं बसायचं, काका. बाजूला कोनी नको."

एकट्यानं! ज्या गावात माणूस शिंकला तर चार घरांतून 'सत्य हाय' ऐकू येतं, तिथं एकट्यानं. पहिल्या वेळी घरात रेंजच आली नाही. दुसऱ्या वेळी उत्तमराव माळवदावर चढून बसले. बाई दिसली, नमस्कार झाला, आणि तिनं विचारलं, "सर, आपल्या आईचं नाव?" उत्तमराव असे घाबरले की जन्मदात्या आईचं नाव ओठांवर येईना. खालून पार्वतीबाई ओरडल्या, "सरुबाई! अवो, सरुबाई सांगा!" बाईनं 'अर्जदाराला दुसरी व्यक्ती उत्तरं सांगत आहे' असं लिहिलं आणि फोन बंद केला. उत्तमराव तीन दिवस बायकोशी बोलले नाहीत. पण शंभर रुपयांसाठी बोलावं लागलं.

चौथ्या दिवशी कोंडीबा गेला.

सकाळी चहा पिऊन उठला, चपलेत पाय घातला आणि पडला तो पडलाच. दवाखान्यात न्यायलाही वेळ दिला नाही. भिंतीपलीकडून रडण्याचा आवाज आला तेव्हा उत्तमराव दाढी करत होते. त्यांनी वस्तरा खाली ठेवला आणि बराच वेळ तसेच साबण लावल्या तोंडानं बसून राहिले. मग तोंड धुऊन शेजारी गेले. भावकीतलं मरण, जाणं भाग होतं, असं ते नंतर कोणी न विचारताच दोघा-तिघांना सांगत सुटले.

"आता तर दारात कोनी न्हाई," मरणानंतर चौथ्या दिवशी पार्वतीबाई म्हणाल्या. "जा की सरळ ब्यांकेत, उघडा खातं."

"वेडी का काय तू? लोक म्हनतील, वाटच पाहून राहिला होता."

हे मात्र खरं होतं. आणि माळवदावर चढून फोनमध्ये हसावं, तर खाली भिंतीपलीकडेच माणसं रडत बसलेली. त्यामुळे व्हिडिओ राहून गेला. एकेक दिवस करता करता पंधरावा दिवस जवळ आला, आणि तो दिवस म्हणजे नेमका कोंडीबाचा दहावा. दुपारी दोनपर्यंत पडताळणी झाली नाही तर अर्ज बाद.

इथपर्यंतही ठीक होतं. पण मग उत्तमरावांना लक्षात आलं की दहाव्याला भावकीतले पुरुष डोकं आणि मिशी उतरवतात.

त्यांनी फोन लावला. "महेबूब, मिशी गेल्यावर मशीन वळखंल का?"

महेबूब म्हणाला, "काका, मिशी गेल्यावर मी बी वळखनार न्हाई."

एकच वाट होती. मेलेला माणूस वयानं लहान असेल तर मोठ्यानं मिशी काढायची नसते. म्हणजे उत्तमराव कोंडीबापेक्षा थोरले ठरले पाहिजेत! त्यांनी दोन्ही आधार कार्डं मागवली. दोघांचीही जन्मतारीख एक जून, साल एकच. शाळेतल्या गुरुजींनी सगळ्या वर्गाला एकाच दिवशी जन्माला घातलं होतं, त्यात त्यांचा तरी काय दोष. मग भावकी मैनाआत्याकडे गेली. आत्या नव्वदीच्या, डोळ्यांनी अधू, पण गावात कोण कधी जन्मलं हे त्यांच्याइतकं सरकारलाही ठाऊक नव्हतं.

"आत्या, थोरला मीच ना?" उत्तमरावांनी जरा जोर देऊन विचारलं.

"कशाचा थोरला रे, उत्तम्या! तू झाला तवा कोंडीबा सात महिन्यांचा होता. तुहं तोंड पाहायला रांगत आला आन् हातातला गुळाचा खडा तुह्या तोंडात कोंबला. तू काळानिळा पडला होता मुडद्या! मी बोट घालून काढला म्हनून हाईस."

भावकी हसली. उत्तमराव हसले नाहीत. जन्मल्या दिवसापासून हा माणूस आपल्या वाटेत आडवा आला, एवढाच अर्थ त्यांनी त्यातून काढला.

दहाव्याला सगळे कयाधूच्या काठावर जमले. नदीवर एक बरं होतं, पलीकडच्या माळावर टॉवर असल्यामुळे रेंज भरभरून होती. उत्तमरावांनी महेबूबला बोलावून घेतलं होतं. त्यांचा बेत साधा होता. आपण सगळ्यांत शेवटी बसायचं, तोवर मिशीसकट पडताळणी उरकायची, मग खुशाल भादरून घ्यायचं. बेत चांगलाच होता. पण फोनवर आलं, 'आपल्या आधी एकेचाळीस ग्राहक आहेत, कृपया प्रतीक्षा करा', आणि सनई वाजायला लागली.

दहाव्याला सनई! भावकीतल्या थोरल्यांनी असं बघितलं की महेबूबनं फोन बगलेत दाबला. सनई बगलेतून वाजत राहिली.

तिकडे सोमेश्वर न्हावी सपासप चालला होता. एकामागून एक डोकं निघत होतं. अकरा, पंधरा, वीस. कोंडीबाची दोन्ही पोरं झाली, पुतणे झाले. बाभळीवर कावळा बिचारा कधीचा येऊन बसला होता. नेहमी माणसं कावळ्याची वाट बघतात, आज कावळ्याला माणसांची वाट बघावी लागत होती.

"उत्तमराव, या," सोमेश्वर म्हणाला.

"थोडं थांब."

"काहून थांबू? तुमी एकटेच राहिले."

"महेबूब, किती राहिले?"

"सात, काका!"

"सात कोन?" सोमेश्वरला काही कळेना. थोरले ओरडले, "उत्तम, बस खाली! ऊन चढून राहिलं." उत्तमराव बसले. डोकं गेलं. डोक्याचं त्यांना काही नव्हतं. "हळू चालव," ते सोमेश्वरला म्हणाले, "मिशी जरा दमानं." सोमेश्वरला वाटलं, माणसाला मिशीचं दुःख झालंय. त्याला दया आली, आणि दयेपोटी त्यानं डावी बाजू एका फटक्यात उडवली.

त्याच क्षणी सनई थांबली आणि बगलेतून आवाज आला, "नमस्कार, मी पुनम, व्हिडिओ पडताळणी विभागातून बोलते. सर, माझा आवाज येतोय का?"

"थांब!" उत्तमराव किंचाळले. सोमेश्वरचा वस्तरा हवेतच राहिला. महेबूबनं फोन समोर धरला. फोनमध्ये विशीतली, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुलगी होती. तिनं स्क्रीनवर बघितलं आणि तिचं हसू जागच्या जागी राहिलं.

"सर... आपल्या मागे बरेच लोक दिसतायत. पडताळणीच्या वेळी आपण एकटे असणं आवश्यक आहे."

"सरा रे! मागं सरा सगळे!" उत्तमराव म्हणाले. मागं नदी होती. तेवीस तुळतुळीत डोकी एका रांगेत उठली आणि पंचे सावरत गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. मुलगी ते सगळं बघत होती. तिच्या शिकवणीत हा धडा नसावा.

"धन्यवाद सर. आता चेहरा उजवीकडे वळवा." उत्तमरावांनी मान वळवली. "छान. आता डावीकडे." त्यांनी वळवली. मुलगी स्क्रीनजवळ वाकली.

"सर, आपली मिशी कुठे गेली?"

"गेली न्हाई माय, जाऊन राहिली. अर्धी हाय अजून. त्या बाजूनं जुळवून घे ना."

महेबूबनं फोनच्या मागून दबक्या आवाजात "व्हय, व्हय" केलं, आणि उत्तमरावांनी त्याला डोळे वटारले. मुलीनं कुठंतरी खाली बघून दोन-तीन बटणं दाबली. "सिस्टम म्हणतेय, जुळणी होण्यापुरती मिशी शिल्लक आहे. पण चेहऱ्यात बदल दिसतोय, तर कारण नोंदवावं लागेल. काय लिहू?"

"मयत झालं. दहावा हाय आज."

"अरेरे. सॉरी, सर." ती खरंच ओशाळली. पोरगी चांगल्या घरची होती. "मयत व्यक्ती आपली कोण? इथं दोनच पर्याय आहेत. घरची व्यक्ती, की इतर."

उत्तमरावांचा हात उरलेल्या मिशीकडे गेला.

"सर, एक सांगते," ती आवाज खाली आणून म्हणाली, "'इतर' असेल तर मी आत्ता इथूनच खातं मंजूर करते, दोन मिनिटांत. घरचं माणूस असेल तर आमच्या नियमानं अर्ज शाखेकडे जातो. दुःखात असताना कोणी घाईनं सही करून घेऊ नये म्हणून. मग आपल्याला बाळापूरच्या शाखेत समक्ष यावं लागेल. इतर लिहू का?"

खातं समोर होतं. 'लिही' एवढं एकच म्हणायचं होतं. आणि खोटं तरी काय होतं त्यात? चुलत तो चुलतच. अठरा वर्षं ज्याचा 'बँकेचा शिपाई' याखेरीज दुसऱ्या नावानं उल्लेख केला नाही, तो इतर नाही तर कोण? उत्तमरावांनी तोंड उघडलं. आणि नेमकं तेव्हाच त्यांना ते हॉटेल आठवलं. सदऱ्याच्या खिशात अर्धं बाहेर काढलेलं कार्ड, चहा, बाकडं. समोर बँकेचं दार. आणि दारात?

आता ते कार्ड दाखवायचं कोणाला?

बाळापूरला बाजारासाठी गेलं की ते हटकून त्या दारावरून जायचे. रस्ता नव्हता तरी जायचे. कोंडीबा स्टुलावरून बघायचा, हे बघायचे, आणि दोघंही एकदमच मान फिरवायचे. अठरा वर्षं, दर मंगळवारी. मान फिरवायलाही दोघांची वेळ कशी जुळलेली होती! दुसऱ्या कोणासाठी उत्तमरावांनी इतकी वर्षं इतक्या नेमानं काही केलं नव्हतं. हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. दहा दिवस डोळ्याला पाणी नव्हतं, ते आता अर्ध्या मिशीवरून ओघळायला लागलं.

"सर? डोळ्यांची उघडझाप झाली, ती तपासणी पूर्ण झाली," मुलगी गोंधळून म्हणाली. "इतर लिहू ना?"

"न्हाई," उत्तमराव म्हणाले. पाण्यात उभ्या तेवीस जणांनी कान टवकारले. "भाऊ लिव. थोरला भाऊ. कोंडीबा नाव त्याचं. तुमच्याच ब्यांकेत होता, दारावर. लई कडक मानूस. सख्ख्या भावाला नंबराबिगर आत सोडला न्हाई त्यानं."

कोंडीबाचा धाकटा मुलगा पाण्यातच खाली बसला आणि पोरासारखा रडायला लागला. थोरले म्हणाले, "आता ग्या उरकून रे, सोमेश्वर," आणि त्यांनीही तोंड फिरवलं. महेबूब बाहीनं डोळे पुसत होता म्हणून फोनमध्ये कधी उत्तमराव दिसायचे, कधी बाभूळ.

मुलीनं लिहिलं. मग शिकवल्याप्रमाणे, पण जरा हळू, विचारलं, "सर, आणखी काही मदत करू शकते का?"

"व्हय. फोन ठिवू नको," उत्तमराव नाक पुसत म्हणाले. "उरलेली मिशी तुह्यासमोर काढून घेतो. पाहून ठिव, माय. उद्या मी शाखेत गेलो आन् म्हनले, फोटोतला मानूस तू न्हाईस, तर गवाही कोन देईन?"

हे नियमात बसत नव्हतं, पण तिनं फोन ठेवला नाही. मागं रांगेत ग्राहक सनई ऐकत ताटकळले असतील, ताटकळोत. सोमेश्वरनं पाणी लावलं. "हलू नका, उत्तमराव," तो म्हणाला, "रडत्या मानसाची मिशी लई जोखमीची." उत्तमरावांनी श्वास रोखला. वस्तरा दोनदा फिरला आणि झालं.

मुलीनं हात जोडले. फोन बंद झाला. उत्तमराव उठून पाण्यात, बाकीच्या तेवीस जणांच्या रांगेत जाऊन उभे राहिले, आणि आता खरंच त्यांच्यातला उत्तमराव कोणता हे काठावरून कळत नव्हतं. महेबूब फोन उंच धरून काठाकाठानं त्यांना हुडकत होता, कारण बँकेचा मेसेज आला होता.

"काका! कुटं हाय तुमी? वाचू का?"

"वाच."

"'आपला अर्ज शाखेकडे वर्ग करण्यात आला आहे. कारण, अर्जदाराचे थोरले भाऊ कोंडीबा यांचे निधन.'"

उत्तमरावांनी त्याला ते आणखी एकदा, जरा मोठ्यानं वाचायला सांगितलं.